प्राथमिक वर्गातील ऑनलाइन साधने : ज्ञानदानाचे नवे रूप, जुना विवेक

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा कृतज्ञतेचा असतो, तसाच आत्मपरीक्षणाचाही असतो. झालेल्या कार्याची नोंद स्मरणिकेच्या पानांतून होतेच. परंतु पुढील काळात समाजाचे धन कोणत्या कामी लागावे, हा प्रश्नही अशाच मंगल प्रसंगी विचारला जावयास हवा. शिक्षण हे जैन समाजाच्या दानधर्मातील परंपरेने मानाचे क्षेत्र होय. पूर्वी दाते शाळेला पाटी-पुस्तके, गणवेश, शिष्यवृत्ती किंवा एखादी वर्गखोली देत. पुढे संगणक आले, त्यामागोमाग प्रोजेक्टर, टॅब, भिंतीवरचा मोठा पडदा आणि इंटरनेटची जोडणी आली. आज एखाद्या प्राथमिक शाळेला देणगी द्यावयाची ठरली, की यांपैकीच एखाद्या वस्तूचे नाव प्रथम पुढे येते.

या वस्तू वर्गात आल्याने लहान मूल शिकते काय? शिकत असेल तर कोणत्या परिस्थितीत? आणि देणाऱ्याने नेमके काय द्यावे? या तीन प्रश्नांचा ऊहापोह हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. ऑनलाइन साधन म्हणजे इंटरनेटच्या आधारे मिळणारे वाचनाचे, ऐकण्याचे, सरावाचे किंवा चाचणीचे साहित्य, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे. यांतील काही साधने एकदा उतरवून घेतली की जोडणीवाचूनही चालतात, ही गोष्ट खेड्यातील शाळांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

प्रश्नाचे खरे स्वरूप

प्रथम गरज ध्यानी घेतली पाहिजे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचन व गणिताची पाहणी ‘असर’ या नावाने २००५ पासून होत आली आहे. २०२४ च्या पाहणीनुसार तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी केवळ २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. हे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते आणि शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले होते. म्हणजे पूर्वीची पातळी गाठण्यातच सहा वर्षे गेली. केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व साधे गणित करता यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत साधावयाचे, असे त्यात ठरले.

तिसरी-चौथीपर्यंत मूल वाचावयास शिकते. त्यापुढे ते शिकण्यासाठी वाचते. ज्याचे वाचन तिसरीत अडते, त्याचा इतिहासही अडतो, विज्ञानही अडते आणि गणितातील शाब्दिक उदाहरणेही अडतात. पुढील इयत्तांत ते वर्गात बसलेले दिसते, पण वर्ग त्याच्यापासून दूर गेलेला असतो. म्हणून प्राथमिक शाळेस दिलेल्या प्रत्येक साधनाची कसोटी हीच असावी, की त्यामुळे वर्गातील मागे राहिलेले मूल एक पाऊल पुढे आले काय.

टाळेबंदीने शिकविलेला धडा

मार्च २०२० मध्ये शाळांची दारे बंद झाली आणि ऑनलाइन शिक्षण हा शब्द घरोघरी पोहोचला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. त्या काळात शिक्षकांनी केलेले कष्ट विसरता येणार नाहीत. व्हॉट्सॲपवरून गृहपाठ पाठविले गेले, ओट्यावर अंतराअंतराने मुलांना बसवून शिकविले गेले. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. घरातील व परिसरातील वस्तू घेऊन मुलांनी स्वतः कृती कराव्यात, अशी तिची रचना होती. केंद्र शासनाने त्याच महिन्यात ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शिका काढली आणि पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ३० ते ४५ मिनिटांची दिवसाला दोनच ऑनलाइन सत्रे असावीत, अशी मर्यादा सुचविली.

याच काळातील ‘असर’च्या पाहणीत एक विसंगती दिसून आली. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले होते. परंतु पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही शैक्षणिक साहित्य मिळालेली मुले साधारण एकतृतीयांशच होती. यंत्र घरात पोहोचले, शिक्षण मात्र त्याच वेगाने पोहोचले नाही. २०२४ च्या पाहणीतही असेच चित्र दिसले. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात फोनचा उपयोग शिक्षणाच्या काही कामासाठी केला होता; समाजमाध्यमांसाठी तो करणारी मुले ७६ टक्के होती. फोन हाती आल्याने मूल आपोआप अभ्यासाकडे वळत नाही, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे. ही मुले काहीशी मोठी होती. सहा-सात वर्षांच्या बालकाकडून त्याहून अधिक संयमाची अपेक्षा कशी ठेवता येईल?

तीन प्रयोग, एक निष्कर्ष

या विषयावर केवळ मतमतांतरे आहेत असे नाही. प्रत्यक्ष शाळांत काटेकोर तुलना करून झालेले प्रयोग उपलब्ध आहेत. त्यांतील तीन विशेष उद्बोधक आहेत.

पहिला प्रयोग बडोदे शहरातील. गुजरात शासनाने २००० मध्ये तेथील महापालिकेच्या प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. ‘प्रथम’ संस्थेने २००२ ते २००४ या काळात चौथीच्या मुलांसाठी त्यांवर गणिताचे खेळ ठेवले. आठवड्यातून दोन तास, एका संगणकापुढे दोन मुले, मुलाच्या तयारीप्रमाणे कमी-अधिक कठीण होणारी उदाहरणे आणि शेजारी उभा असलेला, त्याच वस्तीतील, थोडे प्रशिक्षण घेतलेला मार्गदर्शक, अशी ती व्यवस्था होती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे मूल्यमापन केले. या दोघांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांच्या गणितात लक्षणीय सुधारणा झाली. भाषेवर मात्र परिणाम दिसला नाही, कारण खेळ गणिताचेच होते. उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने त्या लाभातील बराचसा भाग ओसरलेला आढळला.

दुसरा प्रयोगही गुजरातेतीलच. ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत दुसरी-तिसरीच्या मुलांना संगणकावर गणिताचा सराव देण्यात आला. काही ठिकाणी हा सराव शिकविण्याच्या नियमित वेळेतून काढून दिला गेला, तर काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून दिला गेला. संगणकावरील साहित्य तेच होते. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी २००८ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की जेथे संगणकाने शिक्षकाची वेळ घेतली तेथे मुले मागे पडली, आणि जेथे तो शिक्षकाच्या अध्यापनाला जोड म्हणून आला तेथे मुले पुढे गेली. त्यातही अशक्त मुलांना अधिक लाभ झाला. ज्ञानशालेतील नियमित अध्यापन मुळात चांगले होते, म्हणूनच त्याची वेळ कापणे महाग पडले.

तिसरे उदाहरण दूरच्या पेरू देशाचे. तेथील शासनाने ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेखाली खेड्यापाड्यांतील शाळांत मोठ्या प्रमाणावर संगणक वाटले. ३१९ प्राथमिक शाळांच्या तुलनेवर आधारलेला अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी अनेक मुलांमागे एक असलेला संगणक आता जवळजवळ प्रत्येक मुलाच्या हाती आला होता. तथापि गणित व भाषा या विषयांतील संपादनात फरक आढळला नाही.

तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की एकच गोष्ट ठसते. जेथे मुलाच्या पातळीचा विचार होता, ठरावीक वेळ होता आणि शेजारी माणूस होता, तेथे साधन उपयोगी पडले. जेथे नुसते वाटप झाले, तेथे त्याचा उपयोग झाला नाही. आणि जेथे त्याने चांगल्या शिक्षकाची वेळ हिरावली, तेथे तर ते अपायकारक ठरले.

मुलाची चूक कोण वाचतो?

असे का व्हावे, हे एका साध्या वजाबाकीवरून समजते. दुसरी-तिसरीच्या वर्गात ५२ मधून २७ वजा करावयास सांगितले, की काही मुले हमखास ३५ असे उत्तर लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातूनच दोन वजा करतात व पाच लिहितात. नंतर पाचातून दोन गेले, राहिले तीन. या उत्तरामागे निष्काळजीपणा नसतो, एक नियम असतो. फक्त तो नियम चुकीचा असतो. साध्या सराव-ॲपवर अशा वेळी लाल फुली उमटते व पुढचे उदाहरण समोर येते. मूल पुन्हा त्याच नियमाने दुसरी चूक करते. वीस उदाहरणे सोडविल्यावर त्याच्या पदरी वीस फुल्या पडतात आणि आपल्याला गणित येत नाही, अशी खूणगाठ बांधली जाते.

अनुभवी शिक्षकाने मात्र ३५ हा आकडा पाहिला, की त्याला मुलाच्या मनातील वाट दिसते. तो काड्यांचे गठ्ठे काढतो, दहाचा एक गठ्ठा सोडून दाखवितो आणि दोनाचे बारा कसे झाले ते मुलाच्याच हातून करवून घेतो. साधनाचे खरे मोल येथेच आहे. चाळीस मुलांच्या वर्गात अशी चूक करणारी नऊ मुले कोणती, हे शोधावयास शिक्षकाला एरवी वह्यांचा ढीग तपासावा लागेल. तेच काम नीट रचलेली ऑनलाइन चाचणी काही मिनिटांत करते. शोधण्याचे कष्ट यंत्राने करावेत आणि समजावण्याचे काम शिक्षकाने करावे, ही विभागणी साधली तर वर्गाचा वेळ वाचतो व तो मागे राहिलेल्या मुलांना मिळतो.

उपयोगी पडणारी काही साधने

या दृष्टीने प्राथमिक वर्गाला साजेशी काही साधने येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

‘प्लिकर्स’ या साधनात मुलांच्या हाती कोणतेही यंत्र द्यावे लागत नाही. प्रत्येक मुलाजवळ कागदावर छापलेले एक कार्ड असते. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. प्रश्न फळ्यावर लिहावा, मुलांनी आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरावे आणि शिक्षकाने आपल्या एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवावा. कोणाचे उत्तर काय, हे लगेच नोंदले जाते. प्रत्येकाच्या कार्डावरील आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून लिहिण्याला वाव राहत नाही, आणि चुकलेल्या मुलाची चारचौघांत शोभाही होत नाही. एक फोन व चाळीस कागद एवढ्या खर्चात हे साधते.

वाचनासाठी गूगलने २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ या नावाने आणलेले व पुढे ‘रीड अलाँग’ या नावाने ओळखले जाऊ लागलेले साधन मराठीतही उपलब्ध झाले. मूल मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते, आणि अडलेला शब्द उच्चारून दाखविते. कथा एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट नसतानाही वाचन चालते. ज्या घरी वाचून दाखवावयास कोणी नाही, त्या मुलाला हा आधार मोठा वाटतो. तथापि घरी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारे मूल अर्थ समजून वाचत असते, हे यंत्राला उमजेलच असे नाही. बोलीतील उच्चार आणि वाचनातील चूक यांतला फरक शिक्षकानेच जाणावयाचा असतो.

‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहात मराठीसह अनेक भाषांतील सचित्र बालकथा विनामूल्य वाचता येतात, छापता येतात आणि आपल्या बोलीत भाषांतरितही करता येतात. पडद्यावर एक कथा दाखवावी, सर्वांनी मिळून ती वाचावी, आणि मग तीच कथा कागदावर छापून घरी न्यावी, असा क्रम ठेवल्यास पडदा पुस्तकाचा वैरी न होता त्याचा वाटाड्या होतो. कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील अपूर्णांकांच्या प्रतिकृतींतून अर्धा, पाव व पाऊण मुलांना हाताने मांडून पाहता येतात. त्याही मराठीत मिळतात. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड फोनने वाचला की त्या पाठाचे साहित्य त्यावर उघडते. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. म्हणजे चांगले साहित्य विकत घेण्याची गरज बहुधा पडत नाही, ही गोष्ट देणगीदारांनी ध्यानात ठेवावी.

परितेवाडीचा वस्तुपाठ

पाठ्यपुस्तक व क्यूआर कोड यांचा उल्लेख झाला, की सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत २००९ मध्ये रुजू झालेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना पुरस्काराची निम्मी रक्कम वाटून देण्याची त्यांची घोषणा सर्वत्र वाखाणली गेली. पाठ्यपुस्तकांत कोड बसवून त्यांतून कविता, कथा, चित्रफिती व प्रश्न मुलांपर्यंत पोहोचविण्याचा त्यांचा उपक्रम पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत स्वीकारला गेला.

या यशात तंत्राइतकीच महत्त्वाची असलेली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. परितेवाडीतील अनेक मुलांची घरची भाषा कन्नड होती. डिसले गुरुजींनी ती भाषा शिकून घेतली, पुस्तकांतील मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि त्याला कोडची जोड दिली. मूल कोठे अडते हे त्यांनी आधी ओळखले. साधन त्यानंतर आले. हा क्रम उलटा झाला असता, तर कोड छापले गेले असते, पण वाचन उमलले नसते. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर राज्यातील असंख्य गावांनी लोकवर्गणी काढून आपल्या शाळा ‘डिजिटल’ केल्या. त्या उत्साहाचे चीज कोठे झाले, हे पाहू गेल्यास तेथे असा एखादा क्रम जाणणारा शिक्षक असतो, असेच आढळेल.

सावधगिरीच्या गोष्टी

लहान मुलांच्या बाबतीत काही पथ्ये अनिवार्य आहेत. हस्ताक्षर, पाढे, मण्यांची माळ, मातीतील खेळ व मोठ्याने वाचन यांची जागा पडद्याने घेऊ नये. शाळेतील पडद्याचा वेळ ठरावीक असावा आणि त्यानंतर मुलांच्या हाती काही करावयाचे काम असावे. विनामूल्य म्हणून मिळणाऱ्या अनेक ॲपमध्ये मधूनमधून जाहिराती येतात. शिक्षकाने स्वतः शेवटपर्यंत वापरून पाहिल्याशिवाय असे साधन वर्गात आणू नये.

मुलांची नावे, छायाचित्रे व गुण यांचीही जपणूक झाली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. मुलांचा माग काढणे व त्यांना उद्देशून जाहिराती करणे यांसही त्यात प्रतिबंध आहे. अनेक साधनांत मुलाचे खरे नाव न घालता हजेरी क्रमांक घातला तरी काम भागते. देणगीच्या समारंभात टॅब हाती घेतलेल्या गरीब मुलांची छायाचित्रे नावानिशी सर्वत्र पाठविण्याची हौसही या निमित्ताने आवरली गेल्यास बरे. घेणाऱ्याचा संकोच राखणे, हाही दानाचाच भाग आहे.

शास्त्रदानाची शिकवण

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही दानाची चार अंगे समाजाला परिचित आहेत. शास्त्रदान किंवा ज्ञानदान म्हणून श्रावक-श्राविकांनी शतकानुशतके ग्रंथांच्या प्रती लिहवून घेतल्या आणि त्या मुनींना, मंदिरांना व भांडारांना अर्पण केल्या. ती ग्रंथसंपदा या दानामुळेच टिकली. परंतु त्याच इतिहासात एक गंभीर सूचनाही आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे दक्षिणेत मूडबिद्री येथे भक्तिभावाने जपली गेली, दर्शनासाठी पूजिली गेली. अध्ययन मात्र दीर्घकाळ खुंटले. अखेर प्रती बाहेर आल्या, विद्वान कामाला लागले आणि १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड महाराष्ट्रातील अमरावती येथून प्रसिद्ध झाला. जतन करणाऱ्यांचे उपकार मोठेच; तरी ग्रंथाचे ग्रंथपण सार्थ झाले ते वाचणारा लाभल्यावर. प्लॅस्टिकच्या वेष्टणासह कपाटात कुलूपबंद राहिलेला टॅब आणि उद्घाटनाच्या हारासह भिंतीवर धूळ खाणारा पडदा यांचीही गत याहून निराळी नाही. फरक एवढाच, की ताडपत्र आठशे वर्षे वाट पाहू शकते. टॅब पाच वर्षांतच निकामी होतो, आणि तिसरीतील मूल तर एकच वर्ष तिसरीत असते.

दुसरी शिकवण वसतिगृहांच्या परंपरेची. जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. अशी वसतिगृहे चालविणाऱ्यांनी केवळ इमारत बांधून हात झटकले नाहीत. रोजचे भोजन, रात्रीचा दिवा आणि मुलांवर लक्ष ठेवणारा माणूस यांची तरतूद वर्षानुवर्षे केली. कोनशिलेवर नाव कोरले जाते ते इमारतीसाठी. मुले घडतात ती या न दिसणाऱ्या खर्चातून.

विश्वस्तांनी काय करावे?

यावरून पुढील दानासाठी काही सूत्रे सहज निघतात. शाळेला साधन देण्यापूर्वी तेथील शिक्षकांना विचारावे, की मुले नेमकी कोठे अडतात. ज्या शाळेकडे या प्रश्नाचे उत्तर आहे, तिला साधन उपयोगी पडेल. जिच्याकडे नाही, तिला आधी पहिली ते तिसरीच्या मुलांची वाचन-चाचणी घेण्यास साहाय्य द्यावे. देणगीच्या रकमेत वस्तूच्या किमतीबरोबर तीन वर्षांची दुरुस्ती, वीज व इंटरनेटचा खर्च आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांचा वाटा आरंभीच वेगळा काढावा. एका शिक्षकाची बदली झाली की उपक्रम बंद पडतो, म्हणून शाळेतील किमान दोन शिक्षक तयार व्हावेत.

समाजातील निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि महाविद्यालयीन तरुण यांनी आठवड्यातील दोन तास दिले, तर बडोद्याच्या प्रयोगातील तो शेजारी उभा असलेला मार्गदर्शक प्रत्येक शाळेला लाभेल. हे वेळेचे दान पैशाच्या दानाहून कमी मोलाचे नाही. वर्षाच्या शेवटी किती टॅब दिले, याऐवजी किती मुले वाचू लागली, याची नोंद विश्वस्त मंडळाच्या अहवालात यावी. त्यासाठी तपासणीची यंत्रणाही लहानशीच पुरे : जूनमध्ये एक उतारा, एप्रिलमध्ये तसाच दुसरा उतारा, आणि ऐकणारा एक माणूस.

अपरिग्रहाचे तत्त्व सांगते, की गरजेहून अधिक साठवू नये. शाळेच्या बाबतीतही एक चांगले चालणारे साधन व ते जाणणारा शिक्षक हे बंद पडलेल्या वीस यंत्रांहून श्रेयस्कर होत. साधने बदलत राहतील. आजची नावे उद्या विस्मृतीत जातील. पाटीवर पहिले अक्षर गिरविणाऱ्या बालकाची गरज मात्र तीच राहील : आपण कोठे अडलो हे ओळखणारे कोणीतरी, आणि पुन्हा प्रयत्न करण्यास मिळालेला अवसर. पन्नास वर्षांची पुण्याई गाठीशी असलेल्या संस्थेने हा अवसर परिसरातील प्रत्येक मुलास, तो कोणत्याही जातिधर्माचा असो, मिळवून द्यावा. सुवर्ण महोत्सवाची खरी सांगता तिसरीच्या वर्गातील शेवटच्या बाकावरचे मूल आपल्या हाताने पुस्तक उघडून न अडखळता वाचू लागेल त्या दिवशी होईल, आणि त्या दिवसाची तयारी येत्या जूनपासूनच करता येण्याजोगी आहे.

॥ जय जिनेंद्र ॥